९८ गुणिले ९७ आणि संगणकाची अडचण

९८ गुणिले ९७ किती? तोंडी हिशेबात तरबेज माणूस शंभराला किती कमी पडतात ते पाहतो. एकीकडे दोन, दुसरीकडे तीन. ९८ मधून तीन गेले, ९५ राहिले; बे त्रिक सहा. उत्तर ९५०६. मग हीच युक्ती संगणकाला शिकवली तर तो आणखी सुसाट धावेल का?

धावणार नाही. युक्ती लावण्याआधी दोन्ही संख्या शंभराजवळच्या आहेत हे ओळखावे लागते. माणसाला ते नजरेनेच कळते, यंत्राला मुद्दाम तपासावे लागते. तेवढ्यात त्याचा साधा गुणाकार उरकलेलाही असतो. शिवाय संगणकाचा हिशेब द्विमान पद्धतीत चालतो. शंभराचे त्याला कौतुक नाही.

बत्तिसाचे मात्र आहे. ३० ने गुणायचे तर संख्येच्या ३२ पटीतून तिची दुप्पट वजा करायची, आणि ३२ पट करणे म्हणजे अंक पाच घरे डावीकडे सरकवणे. ९९ रुपयांच्या सात वस्तूंचे ‘सातशे उणे सात’ करणारा दुकानदार यापेक्षा वेगळे काय करतो? द्विमान पद्धतीत ३० म्हणजे ११११०. एरवी चार वेळा मिळवणी करावी लागते, इथे एक मिळवणी नि एक वजाबाकी पुरते. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातील अँड्र्यू बूथ यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत कोणत्याही संख्येला चालते. म्हणूनच तिची सुधारित रूपे आजही गुणाकाराच्या सर्किटांत आहेत.

भारती कृष्णतीर्थांच्या १९६५ साली निघालेल्या वैदिक गणितावरील पुस्तकातली ‘ऊर्ध्वतिर्यक्’ म्हणजे उभ्या-तिरकस गुणाकारांची रीतही सर्किटांत उतरवण्याचे प्रयोग झाले आहेत. रीत सुटसुटीत खरी, पण चार अंकी संख्या गुणताना अंकांचे १६ गुणाकार शाळेतल्या पद्धतीतही लागतात आणि इथेही. बदलतो तो फक्त मांडणीचा क्रम.

हे १६ कमी होतील का? त्या काळचे मातब्बर रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव यांचा अंदाज होता की गुणाकाराचे कष्ट मुळात घटणारच नाहीत. १९६० साली मॉस्कोत त्यांच्या परिसंवादाला बसलेल्या २३ वर्षांच्या अनातोली करात्सुबाने आठवड्याभरात तो खोटा पाडला.

४७ गुणिले ६३ घ्या. चार सक चोवीस, सात त्रिक एकवीस. मग ४ अधिक ७ म्हणजे ११, ६ अधिक ३ म्हणजे ९. त्यांचा गुणाकार ९९. त्यातून २४ आणि २१ वजा केले की ५४ उरतात, म्हणजे दोन्ही तिरकस गुणाकारांची बेरीज आयतीच हाती येते. २४००, ५४० आणि २१ मिळून २९६१. चारऐवजी तीनच गुणाकार!

तोंडी हिशेबाला ही रीत काडीच्या कामाची नाही, उलट डोकेदुखीच. पण मोठ्या संख्येचे तुकडे, मग त्या तुकड्यांचे तुकडे करत ती लावत गेले, की १०२४ अंकी संख्यांसाठी साडेदहा लाख अंकी गुणाकारांच्या जागी सुमारे ५९ हजार पुरतात. बेरजा-वजाबाक्या वाढतात, पण त्या स्वस्तात होतात. पायथॉन ही संगणकभाषा काही शे अंकांपलीकडच्या संख्यांसाठी आपणहून याच वाटेने जाते.

२०१९ मध्ये डेव्हिड हार्वी आणि योरिस व्हॅन डर हूवेन यांनी याहूनही वेगवान रीत मांडली. मात्र तिचा फायदा सिद्धतेप्रमाणे पदरात पडायला संख्या इतकी अवाढव्य लागते, की ती कोणत्याही संगणकात मावणारच नाही.