जुन्या हवेलीचें हॉटेल होतें तेव्हां

शहाजहान बादशहानें १६३९ सालीं दिल्लीस लाल किल्ल्याचा पाया घातला आणि १६४८ सालीं आपला दरबार तेथें आणला. पाठोपाठ उमराव आले, सराफ आले, आणि किल्ल्यासमोरील नव्या शहरांत हवेल्या उभ्या राहिल्या. वाड्यांत वावरलेल्या मराठी माणसास हवेली परकी वाटावयाची नाहीं. रस्त्याकडे भक्कम दरवाजा, आंत देवडी, मधोमध उघडा चौक आणि त्याच्या भोंवतीं दालनें, अशीच तिचीही ठेवण असते.

या हवेल्या तोफांनीं पाडल्या त्यापेक्षां वांटण्यांनीं अधिक पाडल्या. एका वारसास जिना, दुसऱ्यास दालन, तिसऱ्यास गच्ची. मग गळणारें छत कोणीं नीट करावें? पुढें भाडेकरू येतात, गुदामें येतात. बेगम समरूचा चांदणी चौकांतील प्रासाद आज भागीरथ पॅलेस या नांवानें विजेच्या सामानाची घाऊक पेठ बनला आहे.

जुम्मा मशिदीजवळील धरमपुरा भागांतल्या एका हवेलीचें दैव मात्र निराळें निघालें. राजकारणी गृहस्थ श्री. विजय गोयल यांनीं सुमारें सहा वर्षें खपून ती दुरुस्त केली आणि २०१६ सालीं तेथें हॉटेल सुरू झालें. पुढच्याच वर्षीं युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पारितोषिकांत तिचा सन्माननीय उल्लेख झाला. मुंबईचें रॉयल ऑपेरा हाउस व भायखळ्याचें ख्राइस्ट चर्च यांचाही गौरव त्याच वर्षींचा. या हवेलीस लोक मोगलकालीन म्हणतात. पण ती १८८७ सालची, म्हणजे बहादूरशहा रंगूनला वारल्यानंतर पंचवीस वर्षांनीं बांधलेली. बादशाही बुडाली तरी बांधण्याची रीत मागें उरली होती, एवढाच त्याचा अर्थ.

आणि खरें मोल या रीतीचें आहे. हवेलीची भिंत लाखोरी नांवाच्या लहान, पातळ विटांची असते. त्या सांधणारा चुना भट्टींत भाजून, पाण्यांत विरवून, कुंडांत मुरत ठेवावा लागतो. मग त्यांत सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून तो घाणींत मळतात. गूळ, बेलफळाचा गर, उडदाचें पाणी असे पदार्थही जुने कारागीर त्यांत मिसळीत. असा चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून हळूहळू दगडासारखा होतो; परंतु आंतली ओल बाहेर जाऊं देण्याचा त्याचा गुण जात नाहीं. सिमेंट एका रात्रींत घट्ट होतें, म्हणून मालकास तें प्रिय. पण तें ओल कोंडून धरतें. कोंडलेली ओल विटेंतून वाट काढते, आपल्याबरोबर क्षार पृष्ठभागावर आणते, आणि कठीण गिलाव्याआड मऊ वीट पिठासारखी झडूं लागते. बाहेरून भिंत गुळगुळीत, आंतून पोकळ! सिमेंटनें केलेल्या ‘जीर्णोद्धारा’पेक्षां हवेली पडकी राहिलेली बरी, असें मला तरी वाटतें.

हॉटेल म्हटलें कीं संकट दुणावतें. ज्या घरांत पाणी घागरीनें चढत होतें, तेथें आतां प्रत्येक खोलीस न्हाणीघर हवें. एक नळ गुपचूप पाझरूं लागला तर वर्षभरांत जें नुकसान होईल तें शंभर पावसाळ्यांनीं केलेलें नसतें. म्हणून जाणता स्थपति न्हाणीघरें एकावर एक रचतो आणि नळ भिंतींत न पुरतां डोळ्यांना दिसतील असे ठेवतो. विजेच्या तारांसाठीं भिंत खणणें हाही तसाच अपराध. चौकावर कांच बसविण्याचा मोहही आवरावा लागतो. ऊन हवा वर निघून जाण्याची वाट तीच.

हॉटेल झाल्यावर पैसे देणाऱ्यासच आंत प्रवेश, ही तक्रार खोटी नाहीं. शेजारच्या गल्लींतील मुलास तो चौक पूर्वीं फुकट पाहतां येत असेल. पण पडक्या दालनाखालीं भाडेकरूंचीं मुलें निजत, हेंही विसरून चालत नाहीं. चुन्याचें काम एकदां करून संपत नाहीं; दरसाल पावसाळ्याआधीं गच्ची तपासावी लागते, फुटलेले सांधे भरावे लागतात, आणि त्यासाठीं चुना मळणारा माणूस रोजगारावर टिकला पाहिजे. पाहुण्यांच्या भाड्यांतून त्याची मजुरी निघाली तर ती भिंत उभी राहील. तें भाडें केवळ झुंबरांवर व गालिच्यांवर गेलें, तर हवेलीचें पुन्हां गुदाम होण्यास फार वर्षें लागावयाचीं नाहींत.