जप, श्वास आणि रक्तदाब

प्रार्थनेने मन शांत होते, असा अनेकांचा अनुभव आहे. पण त्या वेळी शरीरात नेमके काय घडते? ते मोजता येते का?

इटलीतील लुचानो बर्नार्डी व सहकाऱ्यांचा एक प्रयोग २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. २३ निरोगी प्रौढांना त्यांनी ‘आव्हे मारिया’ ही लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणायला सांगितला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. परिणाम मात्र सारखाच! एरवी विश्रांतीत आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. जपाच्या वेळी हा वेग सहाच्या आसपास उतरला. कारण सोपे आहे. बोलणे हे उच्छ्वासावरच होते. ओळ लांब, तर उच्छ्वासही लांब.

पण सहाच का महत्त्वाचे? मानेतील व हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब ओळखणारी चेताग्रे असतात. रक्तदाब वाढला की ती मेंदूला वर्दी देतात. मग हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात. या दुरुस्तीला थोडा वेळ लागतो, म्हणून रक्तदाब सुमारे दहा सेकंदांच्या लयीत हेलकावतो. श्वासही दहा सेकंदांना एक झाला की दोन्ही लयी जुळतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका द्यावा, तसेच हे. प्रयोगात ही नियंत्रण-यंत्रणा अधिक संवेदनशील झालेली आढळली.

दुसऱ्याने आपल्यासाठी केलेल्या प्रार्थनेचे काय? अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही, हे ठाऊक नसलेल्यांपैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांत गुंतागुंत उद्भवली. म्हणजे फरक नाही. प्रार्थना होणार हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात तर हे प्रमाण ५९ टक्के होते.

बर्नार्डींचा प्रयोग छोटा होता, निरोगी माणसांवर होता. त्यावरून जपाने रोग बरा होतो असे सिद्ध होत नाही. म्हणून जप करणाऱ्याने जप जरूर करावा. रक्तदाबाची गोळी मात्र बंद करू नये.

वर्गात हे करून पाहा. विद्यार्थ्यांच्या जोड्या करून एकमेकांचे मिनिटभरातील श्वास मोजायला सांगा: आधी स्वस्थ बसून, मग परिपाठातील प्रार्थना संथपणे म्हणताना, आणि शेवटी त्याच लयीत सतराचा पाढा म्हणताना. श्वास कशाने मंदावतो, शब्दांच्या अर्थाने की लयीने? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.