व्हिसाच्या फाईलीत आईचं नाव

"ताई, पैसे तं होते जी खात्यात. मग काहून नाही म्हटलं त्यायनं?"

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनी हातात मोबाईल घेऊन दारात उभ्या होत्या. लेकीला इंग्लंडच्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेला. बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर, रस्त्यालगतचा प्लॉट विकून राहण्या-खाण्याचा खर्च जमवलेला. शेलूबाजारात निम्म्या लोकांनी पेढेही खाल्लेले. आणि आता व्हिसा नाकारल्याचा ई-मेल.

मैत्रिणींनो, मी काही व्हिसाची जाणकार नाही. बी.ए. झालेली, बचत गटाच्या बायकांचे कागद करून देता देता थोडंफार शिकलेली. पण त्या दिवशी मुलीला जवळ बसवून तो ई-मेल आम्ही ओळ न् ओळ वाचला.

इंग्लंडचा नियम असा, की शिकायची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसायला हवा. लंडनबाहेर राहायचं तर नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला १,१७१ पौंड धरतात, म्हणजे नऊ महिन्यांचे बारा लाखांच्या आसपास. ते २८ दिवस संपले की ३१ दिवसांच्या आत अर्ज करायचा. आणि २८ पैकी एक दिवसही शिल्लक कमी व्हायला नको. यांच्या खात्यात जूनमध्ये ती कमी झाली होती.

"हौ, यायनं पेरणीले साठ हजार काढले होते. बियाणं अन् खत. आठ दिवसांत भरले बी वापस!"

मृग बरसल्यावर वावराकडे बघायचं की बँकेच्या पासबुकाकडे? भाऊंची काय चूक म्हणायची! पण लंडनला बसून कागद तपासणाऱ्याला सोयाबीनची पेरणी कुठून दिसणार? व्हिसाची फी पाचशे पौंडांच्या वर होती, ती गेली. आरोग्यसेवेसाठी वर्षाला ७७६ पौंड आधीच भरून घेतात, ते मात्र परत आले.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका एजंटाचा फोन आला. पैसे मी दाखवतो, तुम्ही फक्त टक्केवारी द्या. वहिनींचं मन डळमळलं. खोटं कशाला बोलू, माझंही क्षणभर डळमळलं. पण खोटा कागद सापडला तर इंग्लंडचं दार दहा वर्षं बंद होऊ शकतं. कॅनडात गेलेल्या पंजाबच्या मुलांची बातमी तुम्हीही २०२३ मध्ये वाचली असेल. एजंटानं दिलेली प्रवेशाची पत्रं बनावट निघाली आणि तिथे काही वर्षं काढलेल्या मुलांना देश सोडायच्या नोटिसा आल्या. एजंटाला कोण विचारतो? अर्जावर सही मुलीची असते. वहिनींनी फोन ठेवून दिला.

विद्यापीठानं प्रवेश जानेवारीच्या तुकडीत सरकवून दिला. या वेळी पैसे वहिनींच्या खात्यात टाकायचे, म्हणजे वावरासाठी कोणी हात लावणार नाही, असं आम्ही ठरवलं. फार हुशारी केली असं वाटलं. पण आईवडिलांच्या खात्यातले पैसे दाखवायचे तर त्यांचं संमतीपत्र लागतं आणि मुलीचा जन्मदाखलाही. दाखला काढला आणि दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

पहिलं बाळंतपण माहेरी. आजोबांनी तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद केली आणि आईचं नाव सांगितलं ते लेकीचं माहेरचं, वडिलांच्या नावासकट. लग्नात सासरी नाव बदललं होतं, पण बापाच्या तोंडी जुनंच. आता दाखल्यावरची आई वेगळी आणि पासबुकातली आई वेगळी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नुसतं नाव, ते सासरचं!

मला आनंदीबाई जोशी आठवल्या. माहेरच्या यमुना, लग्नानंतर आनंदी. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. तेव्हा व्हिसा नव्हता. असता, तर यमुना ती हीच, हे दाखवायला त्यांनाही तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या.

यावर उपाय लग्नाच्या नोंदणीचा. ती झालीच नव्हती. आपल्यापैकी किती जणींची झालीय, सांगा बरं? गावात हे काम ग्रामसेवकाकडे असतं. चोवीस वर्षांनी वहिनी-भाऊ पुन्हा नवरानवरी झाले. तीन साक्षीदार, फोटो, विलंबाचा दंड. पत्रिका सापडली ती जुन्या ट्रंकेत, शालूच्या घडीत. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र मंगरुळपीरला जाऊन केलं. त्यावर सही करताना वहिनी थबकल्या. "कोणतं नाव लिहू?" त्यांना माहेरचं नाव लिहून बावीस-चोवीस वर्षं झाली होती. दोनदा गिरवून पाहिलं, मग लिहिलं.

नावाचा आणखी एक घोळ होता होता वाचला. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. पहिल्या अर्जाच्या वेळी कॅफेवाल्या मुलानं आडनावाच्या रकान्यात मुलीचं नाव टाकलं होतं, ते तिनंच वेळेवर पाहिलं. पासपोर्टावर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, सगळीकडे हवं.

दुसऱ्या देशांचे नियम दुसरे. जर्मनी वर्षाचे ११,९०४ युरो एका बांधीव खात्यात ठेवायला लावते. अमेरिकेत मुलाखत हाच मोठा भाग, आणि शिकून परत येणार हे त्या दोन-चार मिनिटांत अधिकाऱ्याला पटवावं लागतं. जून २०२५ पासून तर मुलांना आपली समाजमाध्यमांवरची खातीही सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात.

२८ दिवस वहिनींनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर फुल्या मारल्या. मधे तूर फवारणीला आली. भाऊंनी कृषी केंद्रात उधारी केली, पण त्या खात्याचं नाव काढलं नाही. तीन आठवड्यांनी व्हिसा आला. जानेवारीत पहाटे गाडी समृद्धीवर चढली तेव्हा वहिनी रडल्या नाहीत, भाऊच रडले.

आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सक्तीचं झालंय. आधीच्या मुलांचे कागद मात्र आपले आपणच बघायचे. परवा वहिनी पुन्हा आल्या. धाकटीचा जन्मदाखला हातात. "ताई, इच्यावर तिसरंच लिहेल हाये जी."