विमानतळाच्या शेजारी, जमिनीवरचा छंद : रेडिओ-नियंत्रित ट्रकची सुरुवात करताना

अमौसी (लखनौ) : चौधरी चरणसिंह आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या हौशी माणसाला ड्रोन किंवा विमानाची प्रतिकृती उडवायची झाल्यास आधी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी देशाचे हवाई क्षेत्र लाल, पिवळे आणि हिरवे अशा तीन विभागांत वाटले असून, विमानतळालगतच्या पट्ट्यात परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. जमिनीवर धावणाऱ्या रेडिओ-नियंत्रित वाहनांना हे नियम लागू होत नाहीत. पुण्यातील लोहगाव, नागपुरातील सोनेगाव किंवा छत्रपती संभाजीनगरातील चिकलठाणा येथील रहिवाशांनाही हेच लागू पडते. विमानतळाच्या शेजारी राहून हाती रिमोट धरायचा असेल, तर ट्रक हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग ठरतो.

अमौसीत ट्रकचे आकर्षण वाटण्यास आणखीही एक कारण आहे. कानपूर रस्त्यालगतचा हा सारा टापू वाहनांचा आहे. येथे ट्रान्सपोर्ट नगर आहे, औद्योगिक वसाहत आहे. जवळच्या सरोजिनीनगर येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कूटर्स इंडिया’ या सरकारी कंपनीने इटलीतील लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री आणून ‘विजय सुपर’ स्कूटर आणि ‘विक्रम’ तीनचाकी तयार केल्या. खऱ्या वाहनातील गिअर, डिफरन्शिअल, पाट्यांच्या स्प्रिंगा यांची रचना समजून घ्यायची असेल, तर चांगल्या प्रतीचा लघुट्रक हे उत्तम साधन आहे. मात्र बहुतेक नवखे पहिल्याच खरेदीत फसतात. वेगाला भुलून घेतलेला ट्रक महिनाभरात मोडतो, सुटे भाग मिळत नाहीत आणि छंद माळ्यावर जातो.

खेळणे आणि छंदाचे वाहन

रेडिओने वाहन चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओ-नियंत्रित नौकेचे प्रात्यक्षिक दाखवले होते. छंद म्हणून ही वाहने घरोघरी पोहोचण्यात जपानमधील ‘तामिया’ कंपनीचा मोठा वाटा आहे. तिची पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार १९७६ मध्ये आली. १९८१ मध्ये तीन गिअरचा पिकअप ट्रक आणि १९९३ मध्ये ‘किंग हॉलर’ हा चौदाव्या प्रमाणातील ओढट्रक तिने बाजारात आणला.

बाजारात दिसणाऱ्या वाहनांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. खेळण्याच्या वर्गात मोटार, रेडिओ-ग्राहक आणि वेगनियंत्रक एकाच पट्टीवर जोडलेले असतात. एक भाग निकामी झाला की सारे वाहन निकामी होते. छंदाच्या वर्गात प्रत्येक भाग स्वतंत्र असतो आणि स्वतंत्रपणे बदलता येतो. म्हणून खरेदीपूर्वी ‘किती वेगाने धावतो’ याऐवजी ‘याचा गिअर, धुरा आणि सुकाणूचा सर्व्हो वेगळा मिळतो का’ हे विचारले पाहिजे. या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नसेल, तर ते वाहन कितीही देखणे असले तरी खेळणेच समजावे.

चौदा वर्षांखालील मुलासाठी घेताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. १ जानेवारी २०२१ पासून अशा वयोगटाच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे.

आत काय असते

चालकाच्या हातातील प्रक्षेपक रेडिओ-संदेश पाठवतो आणि ट्रकमधील ग्राहक तो पकडतो. ग्राहकाकडून दोन वाटा निघतात. पहिली सर्व्होकडे जाते आणि पुढची चाके वळवते. दुसरी वेगनियंत्रकाकडे जाते. हा भाग ‘ईएससी’ या संक्षिप्त नावाने विकला जातो. बॅटरीतून मोटारीकडे किती वीज सोडायची हे तो ठरवतो. सर्व्होला मिळणारा संकेत म्हणजे १ ते २ मिलिसेकंद लांबीचे विद्युत स्पंद असतात. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असला की चाके सरळ राहतात.

यातूनच एक शिस्त येते. सुरू करताना आधी प्रक्षेपक, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग प्रक्षेपक. उलट केल्यास काही क्षण ट्रकला कोणाचाच आदेश नसतो आणि तो भरकटू शकतो.

तीन प्रकार, एक निवड

नवख्यापुढे साधारणपणे तीन प्रकार येतात. मोठ्या चाकांचा ‘मॉन्स्टर ट्रक’ उड्या मारतो आणि वेगाने पळतो. ‘क्रॉलर’ संथ गतीने दगडगोटे आणि चढ चढतो. तिसरा प्रकार मालवाहू ट्रकच्या हुबेहूब प्रतिकृतीचा. त्यात चौदावे प्रमाण प्रचलित आहे. यात ट्रेलर जोडणे, तो मागे घेऊन नेमक्या जागी लावणे हेच कौशल्य असते.

सुरुवातीला संथ वाहन घेण्यामागे साधे गणित आहे. वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीन किलोचा ट्रक ताशी ५ किलोमीटरने भिंतीवर आदळला, तर सुमारे ३ ज्यूल ऊर्जा धक्क्यात खर्ची पडते. तोच ताशी ५० किलोमीटरने आदळला, तर सुमारे २९० ज्यूल, म्हणजे शंभरपट. पहिल्या वेळी रंग खरवडतो, दुसऱ्या वेळी पुढचा धुरा तुटतो; वाटेत एखाद्या मुलाचा पाय आला तर इजाही गंभीर होते.

प्रतिकृतीच्या बाबतीत तर वेगाची गरजच नसते. महामार्गावर ताशी ६० किलोमीटरने जाणारा ट्रक चौदाव्या प्रमाणात ताशी ४.३ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने धावला की खरा वाटतो. वजनाचा हिशेब मात्र वेगळा आहे. लांबी चौदा पटींनी घटली की वजन चौदाच्या घनाने, म्हणजे २,७४४ पटींनी घटते. ४० टनांचा ट्रक-ट्रेलर त्या हिशेबाने साडेचौदा किलोचा होईल.

खर्चाच्या दृष्टीने सोळाव्या प्रमाणातील साधे, संथ ट्रक काही हजार रुपयांत मिळतात आणि शिकण्यास पुरतात. चौदाव्या प्रमाणातील आयात संच त्याच्या कित्येक पट महाग असून, त्यात रेडिओ, बॅटरी आणि चार्जर बहुधा वेगळे घ्यावे लागतात. कोणताही ट्रक घेतला, तरी ठरवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा बॅटरी, चार्जर आणि सुट्या भागांसाठी राखणे शहाणपणाचे ठरते.

खरा धोका बॅटरीचा

या छंदातील सर्वांत गंभीर जोखीम बॅटरीची आहे. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत १.२ व्होल्टचे सहा घट जोडून ७.२ व्होल्ट मिळतात. ती जड असते, पण चुका सहन करते. लिथियम-पॉलिमर बॅटरीत ३.७ व्होल्टचे दोन घट जोडून ७.४ व्होल्ट मिळतात. ती हलकी आणि जोमदार असते. मात्र प्रत्येक घट ४.२ व्होल्टच्या वर भरला गेला, टोचला गेला किंवा दबला, तर पेट घेऊ शकतो. घट ३ व्होल्टच्या खाली उतरला तर तो कायमचा बिघडतो आणि पुन्हा भरताना धोकादायक ठरतो. म्हणून पहिले काही महिने निकेलची बॅटरी वापरणे उत्तम.

लिथियमकडे वळताना चार पथ्ये पाळावी लागतात. प्रत्येक घट समान भरणारा ‘बॅलन्स चार्जर’ हवा. वेगनियंत्रकात लिथियमची निवड केलेली हवी, म्हणजे व्होल्टता उतरताच तो वीज तोडतो. चार्जिंग फरशीवर, पडदे आणि गाद्यांपासून दूर, माणूस जागा असताना आणि समोर असतानाच करावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. लखनौचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो, विदर्भातही तेच. बंद मोटारीत बॅटरी ठेवणे किंवा खेळून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणे टाळलेच पाहिजे. काही दिवस वापर नसेल, तर प्रत्येक घट ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा.

विमानाने प्रवास करणाऱ्यांसाठी आणखी एक नियम आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवता येत नाहीत. त्या टोकांना चिकटपट्टी लावून हातसामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सर्वसाधारणपणे चालते, १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची संमती लागते. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. ७.४ व्होल्ट आणि ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ३७ वॅट-तासांची असते.

रेडिओचा नियम

आजचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. केंद्र सरकारने २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त केला. घरातील वायफायही त्यातच चालते. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या वेगळ्या पट्ट्यात होते. त्यामुळे मान्यताप्राप्त संचाने विमानांना अडथळा येण्याचे कारण नाही. परंतु पल्ला वाढवण्यासाठी शक्तिवर्धक जोडणे किंवा मान्यता नसलेला प्रक्षेपक परदेशातून मागवणे हा नियमभंग ठरू शकतो. विमानतळाच्या शेजारी तर हा मोह कटाक्षाने टाळावा.

चालवायचा कुठे

ट्रक चालवायला शेजारच्या ट्रान्सपोर्ट नगरात जाणे मात्र घातक आहे. खऱ्या ट्रकच्या चालकाला पुढच्या बंपरलगतचे काही फूट दिसत नाहीत. अठरा सेंटिमीटर रुंदीचा लघुट्रक आणि त्यामागे धावणारे मूल, दोन्ही त्याच्या नजरेआड राहतात. सार्वजनिक रस्ता, वाहनतळ आणि विमानतळाच्या भिंतीलगतची जागा वगळून घराचे अंगण, गच्ची किंवा शाळेचे मोकळे मैदान संमतीने निवडावे.

गंगेच्या मैदानातील बारीक धूळ गिअर आणि बेअरिंगमध्ये शिरते. प्रत्येक वेळी खेळून झाल्यावर मऊ ब्रशने ती झाडणे, चाकांचे नट तपासणे आणि मोटार हाताला सोसवेनाशी तापली आहे का हे पाहणे, एवढी देखभाल पुरते. मोटार सतत तापत असेल, तर गिअर फार घट्ट बसले आहेत किंवा ट्रकवर झेपेल त्याहून अधिक भार आहे, असे समजावे.

पहिल्या महिन्याचा अभ्यासही ठरवून घेता येतो. पहिल्या आठवड्यात सरळ जाणे आणि थांबणे, दुसऱ्यात ठेवलेल्या डब्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढणे, तिसऱ्यात ट्रक समोरून आपल्याकडे येत असताना वळवणे. या वेळी डावे-उजवे उलटे भासते आणि बहुतेक धडका तेव्हाच होतात. चौथ्या आठवड्यात ट्रकचे पुढचे एक चाक पूर्ण खोलून पुन्हा बसवावे. ते जमले, तर वेगवान ट्रक घ्यायचा की नाही हा निर्णय पुरेशा समजेने घेता येतो.