कॉन्टेसाचं दशक

ऑगस्ट 2025 मध्ये जुन्या गाड्यांच्या फेरनोंदणीचं शुल्क पुन्हा वाढलं. वीस वर्षं उलटलेल्या मोटारीला आता दहा हजार रुपये. 2022 पर्यंत हेच काम सहाशे रुपयांत होत होतं. त्यानंतर राजुरातल्या एका शेडमधली कॉन्टेसा मालकाने भंगारात दिली. जालना तिथून जवळच, आणि तिथल्या भट्ट्या भंगार वितळवून सळई काढतात. तिचं पुढे काय झालं असेल ते कळायला कुणाला विचारायची गरज नाही.

अँबॅसिडर आणि फियाट यांपैकी एकीची वाट बघण्यात गेलेल्या दशकांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. माझी गोष्ट 1984 नंतरची. हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलच्या साच्यावर कॉन्टेसा आणली. लांब बॉनेट, रुंद बसका बांधा, मागच्या चाकांना ताकद. रूप असं देखणं, आणि बॉनेटखाली मात्र अँबॅसिडरचंच 1489 सीसीचं इंजिन, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. वीस वर्षांपूर्वी, 1964 मध्ये, अमेरिकेत पॉन्टिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन बसवून जीटीओ काढली होती. मसल कार म्हणतात ती तिथून रुजली. आपल्याकडे अंग आलं, बळ यायचं राहिलं.

पुढे कंपनीनेच कॉन्टेसात इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स दिला. मग पहिल्या कॉन्टेसावाल्यांना चैन कुठलं पडणार? नव्वदचं दशक मी जुन्या कॉन्टेसात हे इंजिन बसवण्याच्या वेडात जगलो. अपघातात चेपलेल्या गाडीचं इंजिन मिळालं की जालन्याच्या गॅरेजात काम सुरू व्हायचं. जुन्या माउंटिंगवर नवं इंजिन बसत नाही. पुठ्ठ्याचे नमुने कापून ब्रॅकेट घडवायचे, प्रोपेलर शाफ्ट मापाला आणून पुन्हा बॅलन्स करायचा. त्यात जरा कसूर राहिली तर वेग वाढताच अख्खी गाडी थरथरते. मग मोठा रेडिएटर, नवं वायरिंग, सायलेन्सरचा नवा पाइप. शेतीची अवजारं आणि पंप दुरुस्त करून हात तयार झालेले लेथवाले हे सगळं कागदावर रेघ न ओढता करायचे.

आमच्या मिस्त्रींचा एकच दंडक होता. "आधी गाडी थांबली पाहिजे मालक, पळायचं मग बघू." ब्रेकचं काम पुरं झाल्याशिवाय ते चावी हातात देत नसत. अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनाला माणसांचा पूर लोटायचा. त्या गर्दीतून मिस्त्रींनी बांधलेली कॉन्टेसा निमूट, पहिल्या गिअरमध्ये, इंजिन न तापता निघायची. मोकळ्या रस्त्यावर पळवण्यापेक्षा मला त्याचंच कौतुक जास्त होतं, कारण घाईगर्दीने बसवलेलं इंजिन अशा ठिकाणी हमखास उकळतं.

तेव्हा कायद्यात वाट होती. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओला कळवून, मंजुरी घेऊन गाडीत बदल करता येत असे. 2000 च्या दुरुस्तीने ती वाट बुजवली: निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदलच नको. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला. त्यामागचं कारण मला मान्य आहे. मागे लोखंडी बाकडी जोडून पोरंबाळं कोंबलेल्या काळी-पिवळी जीप मी याच रस्त्यावर पाहिल्या आहेत. पण ती जोडाजोड आणि आमच्या मिस्त्रींचं काम यांना एका मापाने मोजणं हा अन्याय आहे, आणि तो मी आजही विसरलेलो नाही. ब्रिटनमध्ये स्वतः बांधलेली गाडी तपासणीला नेतात. ब्रेक, दिवे, धूर, सगळं बघतात आणि पास झाली तर तिची नोंद होते. आपण काम तपासण्याची जबाबदारी टाळली आणि कारागिरालाच दुकान बंद करायला लावलं.

कायद्यातली वाट बुजली त्याच काळात शहरांत गाड्या घडवण्याचं कौतुक सुरू होतं. 2004 च्या 'टार्झन' सिनेमासाठी दिलीप छाब्रिया यांच्या डीसीने टोयोटाच्या गाडीला नवं अंग दिलं आणि ती जांभळी गाडी पोरांच्या वह्यांवर चिकटली. कॉन्टेसाचं उत्पादन तोवर थांबलं होतं. डीसीच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण मराठवाड्यातल्या लेथवर झालेल्या कामाला कुणी कला म्हटलं नाही. ते जुगाडच राहिलं, आणि हा शब्द मला तेव्हाही टोचायचा.

2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले. पन्नास वर्षं पूर्ण हवीत, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. कॉन्टेसा 2034 मध्ये पन्नाशी गाठेल. कुणाच्या तरी गोदामात जपलेली, मूळ इंजिनाची, कधीच न पळालेली कॉन्टेसा तेव्हा मानाने नोंदवली जाईल. मिस्त्रींनी बांधलेली एखादी तोवर टिकली, तरी तिचा अर्ज खिडकीवरूनच परत येईल.