तीस दिवसांत मिस्त्री

१९८६ च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या एका शाखेत मी कर्जविभाग पाहत होतो. एके दिवशी बाविशीतला एक तरुण टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले प्रमाणपत्र होते : 'विद्युत मोटार दुरुस्ती व वाइंडिंग'. ते दिवस ट्रायसेमचे होते. ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी ही केंद्र सरकारची योजना १९७९ साली सुरू झाली होती आणि पुढे १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली. प्रशिक्षण ट्रायसेममधून, कर्ज बँकेतून आणि कारागिराला एक तृतीयांश अनुदान, असा तो मामला असे. मुलगा शेतमजुराचा, डोळ्यांत चमक असलेला. मी सहा हजारांचे कर्ज मंजूर केले. एस. टी. स्टँडजवळ पत्र्याची टपरी उभी राहिली, पाटी रंगवली गेली, पूजेला मी स्वतः जाऊन आलो.

चौदा महिन्यांनी पुन्हा गेलो तो वसुलीला. टपरीला कुलूप होते. घरी त्याच्या आईने चहा ठेवला आणि तो खाली मान घालून सांगू लागला, "साहेब, मोटार भरता येते मला. एकवीस भरल्या. सात जणांनी पैसे दिले. बाकीचे म्हणतात, कांदा निघाल्यावर देतो. आणि तीन मोटारी महिन्याभरात परत जळून आल्या, त्या फुकट भरून द्याव्या लागल्या."

"पण जळाल्या कशाने?"

"ते शिकवलं नव्हतं, साहेब."

त्याच्यावरच्या नोटिशीवर सही माझीच होती. पुढे एका कादंबरीत मी त्याला घातले आणि तिथे त्याचे दुकान चालवूनही दाखवले. कादंबरीत ते सोपे असते.

हे सारे वर आले ते निवृत्तीनंतर, २०२२ साली. ग्रामीण तरुणांना प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेने मोटार वाइंडिंगचा तीस दिवसांचा अभ्यासक्रम नव्याने बांधायला घेतला आणि समितीवर मला बोलावले. निवृत्त बँकवाला अशा समितीत कशाला, असे वाचकांना वाटेल. त्याला कारण आहे. १९८२ साली कर्नाटकात उजिरे येथे धर्मस्थळचा शैक्षणिक न्यास आणि सिंडिकेट व कॅनरा या दोन बँका यांनी मिळून ग्रामीण तरुणांसाठी स्वयंरोजगार प्रशिक्षणाची संस्था काढली. तिचे काम पाहून ग्रामविकास मंत्रालयाने २००९ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत तशा संस्था उभ्या करायला घेतल्या आणि त्या चालवण्याचे काम बँकांकडे आले. तेव्हापासून कर्ज बुडताना ज्याने पाहिले आहे अशा माणसाला अभ्यासक्रमाच्या बैठकीत खुर्ची मिळू लागली.

अभ्यासक्रम कसा तयार होतो, हे मी तोवर पाहिले नव्हते. बहुधा तो जुन्या अभ्यासक्रमावरून तयार होतो आणि जुना एखाद्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून. आमच्यापुढे आलेल्या मसुद्यात पहिले सहा दिवस 'विद्युतशास्त्राची मूलतत्त्वे' होती : अणूची रचना, ओहमचा नियम, चुंबकत्व. आय. टी. आय.च्या दोन वर्षांच्या ट्रेडला हा क्रम परवडतो. तिथे पाया भक्कम करायला सवड असते आणि तो तसा झालाच पाहिजे. पण तीस दिवसांतले सहा दिवस? दहावीला विज्ञानाने घाबरवलेली पोरे सातव्या दिवशी परत येतील तर शपथ.

सुदैवाने संस्थेची समन्वयक बाई हुशार होती. तिने मसुदा बाजूला ठेवला आणि डेकम नावाची पद्धत मांडली. ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात निघाली. तिचे गृहीतक अगदी साधे : एखादे काम म्हणजे नेमके काय, हे ते काम रोज उत्तम करणारा माणूस सर्वांत चांगले सांगू शकतो. म्हणून प्राध्यापकांना नव्हे, पाच ते बारा कसबी कामकऱ्यांना दोन-तीन दिवस एका खोलीत बसवायचे. ते सांगतील ते एकेका कार्डावर एकेक काम असे लिहून भिंतीवर लावायचे आणि मग कार्डे हलवत, फाडत, नवी लिहीत क्रम ठरवायचा. प्रत्येक कार्डाचे वाक्य क्रियापदाने संपले पाहिजे. 'इन्सुलेशनचे ज्ञान' चालत नाही. 'खाचेत इन्सुलेशन कागद बसवणे' चालते. शिकवणाऱ्यांनी भिंतीलगत बसून ऐकायचे. तोंड उघडायचे नाही, ही अट मला फार आवडली.

आमच्या खोलीत सातजण होते. तालुक्याच्या बाजारपेठेतले दोन वाइंडर, पंपांचा एक दुकानदार, बोअरमधून सबमर्सिबल वर काढणारा एक गडी, वीज कंपनीतून निवृत्त झालेला वायरमन आणि वाइंडरच्या घरच्या एक वहिनी, ज्या वीस वर्षे घरी बसून कॉइल गुंडाळत होत्या आणि ज्यांना कोणी वाइंडर म्हणत नव्हते. सातवे एक म्हातारे मिस्त्री. त्यांच्याविषयी पुढे सांगतो, कारण तो अभ्यासक्रम खरे तर त्यांचा आहे.

समन्वयक बाईंनी विचारले, "मिस्त्री, जळालेली मोटार दुकानात आली की पहिलं काय करता?"

"शेतकऱ्याला चहा सांगतो."

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. "चहा पिताना माणूस बोलतो. लाइट कधी आली, रात्री ऑटो लावून झोपला होता का, स्टार्टर आवाज करत होता का, विहिरीला पाणी किती होतं. निम्मी मोटार तिथंच कळते. राहिलेली निम्मी खोलल्यावर."

मग त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. थ्री फेजची मोटार चालू असताना एक फेज गेला तर ती थांबत नाही. उरलेल्या दोनांवर रेटत राहते, जास्त करंट ओढते आणि तापते. अशी जळालेली मोटार खोलली तर काही गुंडाळ्या काळ्याठिक्कर आणि काही जवळजवळ नव्यासारख्या दिसतात. सगळीकडून सारखीच काळी पडली असेल तर लोड जास्त होता किंवा व्होल्टेज कमी. बेअरिंग गेले असेल तर रोटर आत घासल्याच्या खुणा असतात. "कारण न काढता नुसती भरून दिली, तर ती त्याच विहिरीवर, त्याच स्टार्टरला पुन्हा जाणार. पुन्हा जळणार. शेतकरी स्टार्टरला शिव्या देत नाही, वाइंडरला देतो."

मला नगर जिल्ह्यातली ती टपरी दिसू लागली. त्या पोराच्या तीन मोटारी!

पहिले कार्ड भिंतीवर लागले : 'जळण्याचे कारण विचारणे.' दुसरे : 'जळण्याचे कारण पाहणे.' ओहमचा नियम सरकत सरकत अकराव्या दिवसावर गेला, जिथे मुले मल्टिमीटर हातात घेऊन कॉइलचा रोध मोजतात आणि आकडा जुळेना की आपणहून 'का?' विचारतात. भिंतीलगत बसलेल्या निदेशकांनाही ते पटले. पुस्तकातला विषय त्यांना काढून टाकायचा नव्हताच, तो विचारला जावा एवढेच त्यांना हवे होते.

मधेच थोडे विषयांतर करतो. कामाच्या हाताने अभ्यासक्रम लिहावा, ही कल्पना परदेशातून यायलाच हवी होती असे नाही. पुणे जिल्ह्यात पाबळ या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेला, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेला हा शास्त्रज्ञ. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, शेती-पशुपालन, वीज, घर-आरोग्य अशी हातची कामे करावीत, गावातली खरी दुरुस्ती करावी आणि शिकवायला गावातलेच कारागीर यावेत, अशी त्यांची मांडणी होती. एस. एस. सी. बोर्डाने तो विषय मान्य केला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक कामाचा खर्च काढून वहीत लिहायचा. चौदा वर्षांची मुले लोखंड, रॉड, मजुरी यांचा हिशेब मांडतात. २००३ मध्ये डॉ. कलबाग गेले, आश्रम चालू आहे. असो.

दुसऱ्या दिवशी खोलीत ताण आला. जुनी वाइंडिंग कापण्यापूर्वी तिचा 'डेटा' लिहून घ्यावा लागतो : खाचा किती, एका कॉइलला वळसे किती, तारेचा गेज कोणता, कॉइल कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत जाते, जोडणी कशी. न लिहिता कापली तर मोटारीची कुंडलीच हरवली. म्हणून प्रत्येक वाइंडरकडे डायरी असते. म्हाताऱ्या मिस्त्रींची तीस वर्षांची डायरी रुमालात बांधून त्यांच्या मांडीवरच होती. एका निदेशकाने अट मोडून सहज सुचवले, "मिस्त्री, याची झेरॉक्स काढून पुस्तकाला परिशिष्ट जोडू या."

कोणी बोलेना. बँकेत तारण ठेवलेले दागिने मोजताना घरच्यांचे चेहरे होतात तसे दोन्ही वाइंडरांचे चेहरे झाले होते. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "डायरी देणार नाही. डायरी लिहायची कशी, ते शिकवतो."

आणि तेच बरोबर होते. आमच्या अभ्यासक्रमात आता छापील डेटा नाही. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला कोरी वही मिळते आणि महिन्याभरात त्याने स्वतः मोजून लिहिलेल्या मोटारी परीक्षेत तपासल्या जातात. ज्याच्या घरी मिस्त्री आहे त्याला अभ्यासक्रम लागत नाही. तो बापाच्या शेजारी बसून शिकतो आणि वहीही वारशाने मिळवतो. प्रश्न असतो तो शेतमजुराच्या पोराचा. त्याच्यासाठी हे तीस दिवस म्हणजे वारसा निर्माण करण्याचा खटाटोप.

तिसरा दिवस पैशाचा. तिथे मी उत्साहाने पुढे सरसावलो आणि कर्जाचा अर्ज भरण्याला अर्धा दिवस मागितला. कॉइलवाल्या वहिनी त्या तीन दिवसांत फारसे बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "कर्ज कशाला लगेच? आधी एक उन्हाळा दुसऱ्याच्या दुकानात काढू द्या. गिऱ्हाईक कळू द्या. मग घ्या म्हणावं कर्ज."

मी गप्प बसलो. १९८६ साली हे मला सुचायला हरकत नव्हती. पण तेव्हा ट्रायसेमचे उद्दिष्ट मार्चअखेर पुरे करायचे होते, आणि मार्चअखेर कोणाचा उन्हाळा विचारात घेतला जात नाही. माझा अर्धा दिवस कटला. त्याऐवजी अभ्यासक्रमानंतर चालत्या दुकानात काम करण्याचा काळ जोडला गेला.

मग 'जळकी तार कोणाची?' यावर पाऊण तास वाद झाला. मोटारीतून निघालेले जुने तांबे भंगारात विकले जाते. ते वाइंडर परस्पर ठेवून घेतो, हा शेतकऱ्याचा कायमचा संशय. दुकानदार म्हणाला, रिवाजच आहे. मिस्त्री म्हणाले, रिवाज असला तरी तार समोर वजन करून दाखवावी आणि बिलातून वजा करावी, संशय घेतलेला माणूस उधारी बुडवतो. समितीतल्या एका सदस्यांनी 'हे कौशल्य नव्हे' असा आक्षेप नोंदवला. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. तेव्हापासून शिकणाऱ्याला काय करता आले पाहिजे ते तपासता येईल अशा शब्दांत मांडावे लागते. आता पैसे मागणे कसे तपासणार? अखेर लिहिले : 'काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी देतो, जळकी तार गिऱ्हाइकासमोर वजन करतो, तारेच्या किमतीइतकी रक्कम आगाऊ मागतो.' आक्षेप मागे घेतला गेला.

पहिल्या तुकडीच्या परीक्षेला मी हजर होतो. भरलेल्या मोटारी मेगरवर तपासून झाल्या, बहुतेकांच्या चांगल्या निघाल्या. मग मिस्त्री गिऱ्हाईक होऊन खुर्चीवर बसले. चहा आला. समोर विशीतला एक मुलगा, हात काळे, खिशाला टेस्टर.

"काय रे, तुझ्या बापाचा अन् माझा बांध एक. माझ्याकडं आगाऊ मागतोस?"

मुलगा गडबडला. त्याने वही उघडली, मिटली, वजनकाट्याकडे पाहिले. खोलीत कोणी मदतीला आले नाही, तसा नियमच होता. बराच वेळ गेला.

"काका," तो म्हणाला, "तार आणायला शहरात जातोय. दुकानदार मला उधार देत नाही. तुम्ही तारेचे द्या, मजुरी कांद्याला."

मिस्त्रींनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि परीक्षकाच्या कागदावर वाकून गुण लिहू लागले.