रुळाच्या पोटातला तडा

मुलांनो, चिनी मातीच्या चांगल्या कपावर हलकेच टिचकी मारा. 'ठण्' असा आवाज येईल. तडा गेलेला कप मात्र बद्द वाजतो. तडा डोळ्यांना दिसला नाही, तरी कानांना कळतो. असे का होते?

टिचकी मारली की कपाचे कण थरथरतात. ते शेजारच्या कणांनाही थरथरवतात. अशी ही थरथर पुढे पुढे सरकते. तिलाच लहर म्हणतात. वाटेत तडा आडवा आला, की ती नीट पसरत नाही. लहर हवेतून जाते, तशी लाकडातून, दगडातून व पोलादातूनही जाते. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. पोलादात तो सुमारे ५९०० मीटर जातो!

वाटेत दुसरा पदार्थ लागला तर? करून पाहा. एक बारीक व एक जाड दोरी एकमेकींना बांधा. जाड दोरीचे टोक मित्राला घट्ट धरायला सांगा. बारीक दोरीचे टोक तुम्ही धरा. दोरी ताणून एक झटका द्या. उसळी गाठीपर्यंत जाईल. तेथे तिचे दोन भाग होतील. एक भाग जाड दोरीत शिरेल, दुसरा तुमच्या हाताकडे परत येईल. दोन्ही दोऱ्या सारख्या असतील, तर जवळजवळ सगळी उसळी पुढे जाईल.

दोन घन पदार्थ जेथे जोडलेले असतात, तेथेही असेच घडते. पदार्थ सारखे असतील, तर लहर पुढे जाते. वेगळे असतील, तर तिचा काही भाग मागे फिरतो. पोलाद संपून हवा लागली, तर जवळजवळ सगळीच लहर मागे फिरते.

पोर्ट लुईसहून क्युरपीपला जाणारी मेट्रो तुम्ही पाहिली असेल. तिची चाके पोलादी रुळांवरून धावतात. रूळ वरून चकचकीत दिसतो. पण त्याच्या पोटात बारीक तडा असू शकतो. तो शोधण्यासाठी रुळावर एक यंत्र फिरवतात. ते कानांना ऐकू न येणारी लहर रुळात सोडते. रूळ अखंड असेल, तर लहर तळाला पोचून परत येते. मध्येच तडा असेल, तर ती तेथूनच मागे फिरते व लवकर परत येते. लवकर आलेली लहर म्हणजे धोक्याची सूचना! यंत्र व रूळ यांच्यामध्ये पाणी सोडतात. का बरे? तेथे हवा राहिली, तर लहर रुळात शिरणारच नाही.

१७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधील हॅटफिल्ड येथे धावत्या गाडीखाली रूळ तुटला. ४ माणसे मरण पावली. त्या रुळाला तडे गेल्याचे आधीच माहीत होते. पण तो वेळेवर बदलला नव्हता.

लहर परत येऊन आपल्याला तडा दाखवते. तो रूळ बदलण्याचे काम मात्र माणसांनीच करायचे असते.